आईकडून आलेलं

दादा, परवा सायली मला "काय?" म्हणाली.

मी ओट्यापाशी होते, ती दारात. भाजीत मीठ टाकलंस का, एवढंच मी विचारलं होतं, तेही तिच्याकडे पाठ करून. ती "काय?" म्हणाली आणि माझा हात कढईवर तसाच थांबला. मी पुन्हा विचारलं. "टाकलं ना मघाशीच," असं म्हणून ती तिच्या खोलीत गेली. मी गॅस बंद केला आणि फरशीवर बसले. 

एकोणीस वर्षांच्या पोरीनं एकदा "काय?" म्हटलं म्हणून आई खाली बसते, हे मी कुणाला सांगू? हिच्या बाबांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, एक्झॉस्ट चालू होता, मलाही ऐकू आलं नसतं. खरंच चालू होता. पण तू असतास तर असलं काही बोलला नसतास. तू गप्प राहून माझ्याकडे बघितलं असतंस. आपण दोघं ज्या गोष्टीला भीत होतो तिला आता मी एकटी भिते, आणि तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही.

तू पेशी शिकवायचास. आयुष्यभर तेच केलंस. भेटायला आलेल्यांपैकी तू शिकवलेली मुलं, म्हणजे आता डॉक्टर, औषधवाले, शेतकरी झालेली मोठी माणसं, सगळी एकच सांगत होती की सरांनी फळ्यावर काढलेली पेशी अजून डोळ्यांसमोर आहे. मी मान हलवत होते. मला मात्र त्यांच्या आधीची पेशी आठवत होती.

वैजापूरच्या घरी तू कॉलेजातून सुट्टीपुरता सूक्ष्मदर्शक मागून आणला होतास. मी म्हटलं, कांद्याची साल दाखव, आमच्या बाई तीच दाखवतात. तू म्हणालास, "कांदा कुणीपण दाखवतंय वैशे, इथं काय कांद्याला तोटा आहे? तुला तुझंच दाखवतो." आइस्क्रीमच्या काडीनं माझ्या गालाची आतली बाजू खरवडलीस, काचेवर पसरलीस, वर निळा थेंब टाकलास. मी डोळा लावला. फिक्या निळ्या, वेड्यावाकड्या कडांच्या चपट्या गोष्टी, आणि प्रत्येकीत एक गडद ठिपका.

"ह्या तुझ्या पेशी. तो ठिपका म्हणजे केंद्रक."

"जिवंत आहेत?"

"होत्या. रंग टाकला ना आता."

मी भोकाड पसरलं. माझ्यातलं काहीतरी तू मारलंस, असं मला वाटलं. तू हसून लोळलास. मग समजूत घालत म्हणालास, की गालाच्या पेशी रोजच झडतात, रोज नव्या येतात, तुला पत्ताही लागत नाही. त्यानं मी जास्तच घाबरले. आत एवढं काही चाललंय आणि मला पत्ताही लागत नाही, ही भीती मला तेव्हा पहिल्यांदा भेटली. ती पुढे इतकी खरी ठरेल असं तुलाही वाटलं नसेल.

सायलीच्या दहावीच्या वेळी तू रविवारी सिडकोतल्या आमच्या घरी यायचास. जेवणाच्या टेबलावर तिची वही, बाजूला तुझा चहा. ती घडाघडा म्हणायची, "तंतुकणिका हे पेशीचं ऊर्जाकेंद्र आहे." तू म्हणायचास, "परीक्षेत लिही, मार्क मिळतील. पण ती मुळात आपली नाहीच." मग तू सांगितलंस की फार फार पूर्वी एका मोठ्या पेशीत एक छोटा जीव शिरला. मोठीनं त्याला पचवलं नाही, तोही बाहेर पडला नाही. तो अन्नातून ऊर्जा काढून देऊ लागला, ती त्याला सांभाळू लागली. म्हणून आजही तंतुकणिकेजवळ स्वतःचा डीएनए आहे, अगदी थोडा, केंद्रकातल्यापेक्षा वेगळा. तंतुकणिका एकीच्या दोन, दोनाच्या चार स्वतःच होतात. आणि बापाकडची पुढे टिकत नाही, ती फक्त आईकडून येते.

सायलीनं बोटं मोजत विचारलं, "म्हणजे माझ्यातल्या मम्मीच्या, मम्मीतल्या आजीच्या?"

"आणि मामातल्यासुद्धा आजीच्याच," तू म्हणालास. "मामाकडून मात्र पुढं कुणाकडं जात नाहीत. मामापाशी गाडी संपली."

आपण सगळे हसलो होतो, दादा. किती निवांत हसलो होतो.

त्यानंतरच्या डिसेंबरात आपण दौलताबादला गेलो. वहिनी आणि तुझा चिन्मय, आम्ही तिघं. पायऱ्या चढताना तू सारखा थांबत होतास. "वय झालं," म्हणालास. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हतीस तू. अंगानं वाळलेला असूनही तुला साखर निघालेली होती. ती सगळ्यांनाच होते म्हणून आम्ही सोडून दिलं होतं. वर जाताना अंधारी लागते, तो काळोखा भुयारी रस्ता. पुढे मोबाइलचा उजेड पाडत चिन्मय आणि सायली, मध्ये बाकीचे, सगळ्यांत मागे तू. वटवाघळांचा वास येत होता. वळणावर मी मागे बघितलं तर काहीच दिसेना. मी हाक मारली, "दादा." उत्तर नाही. जोरात मारली. माझाच आवाज घुमून परत आला. आपण त्याला दरीपाशी सोडून आलो, तो पडला, असं काहीबाही मनात आलं आणि मी भिंत चाचपत उलटी निघाले.

तू पायरीवर बसला होतास, माझ्यापासून हातभर अंतरावर. मी तुझ्यावर अडखळले तेव्हा तू दचकून ओरडलास. पायांनी दगा दिला होता, एवढंच तुला म्हणायचं होतं. पण मी म्हटलं, "मी इतक्या हाका मारल्या, ओ द्यायला काय झालं होतं?" तू काहीच बोलला नाहीस. चिन्मय उजेड घेऊन आला, तो उजेड माझ्या तोंडावर पडला, तेव्हा तू म्हणालास, "आता बोल. काय म्हणत होतीस?"

तेव्हा कळलं. तू किती दिवस आमचे ओठ बघून ऐकत होतास कुणास ठाऊक. उजेडात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पुढचं मी पाहिलेलं नाही, तुझ्या कॉलेजातल्या बाईंनी सांगितलेलं. अकरावीच्या वर्गात तू पेशी काढत होतास. उजवी बाजू नेहमीसारखी सुबक, प्रद्रव्यपटल, जालिका, तंतुकणिकेच्या आतल्या घड्यासुद्धा. डाव्या बाजूला फळा कोराच. खडू ठेवून तू वर्गाकडे वळलास आणि म्हणालास, "झाली पेशी पूर्ण. नावं द्या." मुलांना वाटलं, उरलेली अर्धी सर आपल्याला काढायला सांगतायत. एक मुलगी उठली आणि तिनं डावी बाजू पूर्ण केली. तू तिच्याकडे बघत राहिलास. ती कुठे काढतेय तेच तुला दिसत नव्हतं. तुझ्यासाठी जगाची डावी बाजूच नाहीशी झाली होती. थोड्या वेळानं तू टेबलाजवळ कोसळलास आणि तुला झटके आले.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तुझी फाइल बाजूला ठेवून आधी मलाच विचारलं होतं, "तुमच्या आईंना ऐकायला कमी येतं का?"

मी म्हटलं, "हो, मशीन लावते."

"साखर?"

"आहे."

तू खाटेवर बसून त्यांचे ओठ बघत होतास. तपासणीचा निकाल यायला वेळ लागणार होता. पण त्या दुसऱ्या प्रश्नाला तुझा चेहरा बदलला तो मी बघितला. ज्या विषयावर तू मुलांना हसवत होतास तो विषय तुझ्या खाटेपाशी येऊन उभा होता. तुला सगळं समजलं होतं. मला काही समजलं नव्हतं, म्हणून मला तुझीच भीती वाटली.

निकाल आला तो तुझ्या मनात होता तसाच. तंतुकणिकेच्या डीएनएत एका जागी चूक. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. ज्या पेशींना खूप ऊर्जा लागते त्या आधी थकतात, मेंदूच्या, कानाच्या, स्नायूंच्या, इन्सुलिन करणाऱ्या. एकेका पेशीत चांगल्या आणि बिघडलेल्या तंतुकणिका मिसळून असतात. कुणाच्या वाट्याला बिघडलेल्या जास्त येतात, कुणाच्या कमी. एकाच आईच्या दोन लेकरांत एक अंथरुणाला खिळतं आणि दुसऱ्याला म्हातारपणापर्यंत काही होत नाही. कुणाचं काय होईल ते आधी सांगता येत नाही.

बाहेर पार्किंगमध्ये तू पहिलं वाक्य बोललास ते म्हणजे, "चिन्मय सुटला, वैशे." तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. आनंदाचंच होतं ते, बापाचं होतं. मग तू माझ्याकडे बघितलंस आणि तुझं तोंड तसंच उघडं राहिलं. सायली माझी आहे, हे तुला तेव्हा आठवलं. तू माझा हात धरलास. आपण गाडीला टेकून उभे राहिलो. मला तुझा राग आला नव्हता, हे मला तुला सांगायचं होतं. तुझी सुटका झालेली बघून मला बरंच वाटलं होतं. 

तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते तू गेलास तरी संपलं नाही. हर्सूल तलावाकाठी फिरताना, फोनवर, तुझ्या खाटेशेजारी. तू हळू चालायचास, मी तुझ्या समोर येऊन उलटी चालत बोलायचे, म्हणजे तुला ओठ दिसतील. लोक बघायचे.

"तू तपासून घे."

"औषध आहे का त्याच्यावर?"

"बरं करणारं नाही."

"मग कळून काय करू? रोज उठून सायलीकडे त्याच नजरेनं बघू?"

"साखर वेळेवर सापडते. हृदय बघता येतं. झटक्यांवरचं एक औषध आपल्याला चालत नाही, ते घाईत कुणी दिलं म्हणजे?"

"आपल्याला म्हणू नकोस. तुला."

तू थांबायचास. "बरं, मला," म्हणायचास. आणि चार पावलांवर पुन्हा, "पण वैशे, अंधारात भिंत चाचपत चालण्यापेक्षा..."

"तू मास्तर आहेस, तुला सगळं माहीत असलेलं बरं वाटतं. मला नाही वाटत," मी म्हणायचे.

एकाच गोष्टीवर आपलं एकमत होतं. आईला काही सांगायचं नाही. तुला काहीतरी मेंदूचं झालंय, एवढंच तिला माहीत. हे तिच्याकडून आलंय हा शब्द तिच्या कानावर पडू द्यायचा नाही, असं तू मला बजावलं होतंस. मी हो म्हटलं होतं.

ते मला पाळता आलं नाही. तेराव्याला घरात माणसं बसलेली. कुणा मावशीनं वहिनीला जवळ घेऊन विचारलं, "पोराला तर नाय ना गं काही असलं?" वहिनी महिनाभर दवाखान्यात उभी होती, तिचा धीर सुटलेला होता. ती म्हणाली, "नाही. त्याला होऊच शकत नाही. हे फक्त आईकडून येतं." आणि मग तिला आपण काय बोललो ते कळलं. तिनं कोपऱ्याकडे बघितलं. मीही बघितलं. आई भिंतीला टेकून बसली होती, हातात जपमाळ, चेहऱ्यावर काही नाही. मी तिच्या कानाकडे बघितलं. मशीन नव्हतं. ते खिडकीत डबीत ठेवलेलं होतं. मी इतका मोठा श्वास सोडला की शेजारची बाई माझ्याकडे वळली.

नंतर मी आईला सोडायला वैजापूरला गेले. दुपारी ती शेंगा सोलत होती, मी समोर. तिनं मान वर न करता विचारलं, "ते माझ्याकडून गेलं व्हय त्याला?"

तिनं वर बघितलं तेव्हा मी म्हटलं, "कोण म्हणालं?"

"सूनबाई म्हणाली ना त्या दिवशी. मला ऐकू नाय येत, पण तोंड वाचता येतं. त्यालाबी येत होतं. तो कुणाकडून शिकला?"

दादा, तू असतास तर फळा नसतानाही तिला काहीतरी काढून दाखवलं असतंस. मी म्हटलं, "तुझ्याकडून आलं. तुला तुझ्या आईकडून. तिला तिच्या आईकडून. कुणी मुद्दाम देत नाही, आई. हात-पाय येतात तसं येतं."

ती शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "माझा एक मामा असाच होता. कानानं बहिरा. झटके यायचे. लोक म्हणायचे बाहेरचं लागलंय. विहिरीत पडून गेला. आमच्या आईकडं लई जण तसे." तिनं टरफलं बाजूला सारली. "त्याला माहीत होतं? आपल्या दादाला?"

"हो."

"रागावला नाय माझ्यावर कधी."

"नाही. तुला कळू नये म्हणून मला शपथ घातली होती."

तिनं पदर तोंडाला लावला. आवाज केला नाही. मी सरकून तिच्याजवळ बसले. मग तिनं माझी हनुवटी धरून माझं तोंड तिच्याकडे वळवलं, उजेडाकडे, आणि विचारलं, "आन् तुझं? पोरीचं?"

"माहीत नाही."

"बघून घे. आमच्या मामाला बाहेरचं लागलंय म्हणत होते, म्हणून कुणी त्याला धरून ठेवलं नाय. विहिरीजवळ एकटा सोडला."

तू वर्षभर जे बोलत होतास ते मला पटलं नव्हतं. तिचं ऐकलं आणि येताना बसमध्येच पटलं. घरी येऊन सायलीला लगेच सांगायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही. आणि मग परवा ते "काय?" झालं.

काल दुपारी मी सायलीला समोर बसवलं. टीव्ही बंद केला. तुझ्यासारखं सांगायला गेले आणि पार गोंधळले. केंद्रक आणि तंतुकणिका यांची मी खिचडी केली. तीच म्हणाली, "मम्मी, मला येतंय ते. मामानं शिकवलंय. तू पुढचं सांग." मी पुढचं सांगितलं. तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. पोरीला घाबरलेलं बघण्यापेक्षा मी काय वाट्टेल ते पत्करलं असतं, पण वाक्य अर्ध्यावर सोडता येत नव्हतं.

ती नखांकडे बघू लागली. मग म्हणाली, "मला मुलं झाली तर?"

याचं उत्तर तुझ्याकडे असतं. डॉक्टरांकडे असेल. माझ्याकडे नव्हतं. मी तसं सांगितलं.

"रक्त मी आत्ता देणार नाही," ती म्हणाली. "ते माझं मी ठरवीन, केव्हा ते. पण कान बघू या. तेवढं मला सहन होईल." आणि मग, माझ्याकडे न बघता, "तू येशील ना बरोबर?"

आज सकाळी आम्ही गेलो. एक छोटी बंद खोली, तिला काचेची खिडकी. आत खुर्ची. तपासणाऱ्या मुलीनं सायलीच्या कानांवर हेडफोन बसवले आणि सांगितलं, आवाज कितीही बारीक आला तरी हात वर करायचा. दार लागलं. मी बाहेर त्या मुलीच्या मागे उभी. मशीनचं बटण दाबलं की एक दिवा लागायचा, आणि आवाज फक्त सायलीच्या कानात जायचा. बाहेर सगळं शांत. दिवा लागायचा आणि मी तिच्या हाताकडे बघायचे. लागला, हात वर. लागला, हात वर. एकदा लागला आणि हात मांडीवरच राहिला.  मग तिनं नाक खाजवलं आणि हात वर केला. तुला मी तेव्हा मनातल्या मनात किती शिव्या दिल्या असतील, हे सगळं मला समजावून ठेवल्याबद्दल.

दोन्ही कान चांगले निघाले. "आज तरी काही नाही," ती मुलगी म्हणाली. "वर्षातून एकदा येत जा." सायली बाहेर आली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. ती रडत नव्हती. मी रडत होते. मग ती म्हणाली, "आता तू बस."

मी बसले, दादा. दार लागलं. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती, माझंच रक्त कानात ऐकू येत होतं. सुरुवातीचे आवाज सहज आले. जाड, मधले. मग बारीक होत गेले. आला की नाही आला, आला की नाही. काचेपलीकडे सायली त्या मुलीच्या मागे उभी होती, मी उभी होते तिथंच. तिला तो दिवा दिसत होता. मला फक्त तिचा चेहरा दिसत होता.

आणि एकदा तिचा चेहरा बदलला. ती माझ्या हाताकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून. मला कळलं, आवाज येऊन गेलाय.

न ऐकताही हात वर करता आला असता. तिच्यासाठी मी तो केलाही असता, महिन्यापूर्वी. मी हात मांडीवर ठेवला आणि पुढच्या आवाजाची वाट बघत बसले.